शनिवारपुरती भरणारी घरं

शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीला रो-रो बोट लागते आणि तिच्या पोटातून गाड्या एकामागे एक बाहेर पडतात. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली ही बोट तासाभरात खाडीपलीकडे येते. २०२०च्या मार्चमध्ये ती सुरू झाली, तोवर अलिबागला गाडी न्यायची तर पेण-वडखळचा वळसा आणि वडखळच्या कोंडीतला एखादा तास ठरलेला असायचा. आता दुपारी बाराच्या आत चोंढी नाक्यावर मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या पाट्यांच्या गाड्या खोळंबून उभ्या असतात. कुणी बर्फाच्या पिशव्या घेतंय, कुणी कोळसा, कुणी मुलांसाठी शहाळी. नाक्यावरून एक फाटा किहीमला जातो. पुढे अलिबाग ओलांडलं की आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. प्रत्येक गाडीच्या फोनवर कुठल्या तरी फाटकापर्यंतचा नकाशा उघडलेला असतो आणि फाटकाशी एक माणूस उभा असतो. घर त्याचं नसतं, पण किल्ली त्याच्याकडे असते.

संपादकांनी यंदा ‘दुसरं घर’ हा विषय दिला, तेव्हा मला आधी हा फाटकाशी उभा असलेला माणूस आठवला. समुद्राजवळ घर घ्यावं, वर्षातले पंधरा दिवस आपण राहावं, उरलेले दिवस ते भाड्याने द्यावं आणि घराने आपला हप्ता आपणच फेडावा, हे स्वप्न मुंबई-पुण्यातल्या कितीतरी मध्यमवयीन घरांतून ऐकू येतं. स्वप्नात काही गैर नाही. ते जमिनीवर कसं चालतं, कुणाच्या हातांनी चालतं आणि त्यातून पैसा नेमका कुणाच्या पदरात पडतो, ते पाहायला मी अष्टागरात गेले.

वाडीचं गणित

अष्टागर म्हणजे माडा-पोफळींच्या आगरांचा पट्टा. इथलं जुनं घर वाडीत असतं. रस्त्याला लागून अंगण, मग ओटी, माजघर, मागची पडवी, विहीर, आणि विहिरीपासून समुद्राच्या वाळूपर्यंत लांबच लांब निमुळती वाडी. वरच्या थरात नारळ, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरी नाहीतर पानवेल, खाली केळी आणि जायफळ. पोफळीला उन्हाळाभर पाणी लागतं, म्हणून वाडी म्हटली की विहीर आली. पूर्वी विहिरीवर रहाट असे, बैल किंवा रेडा त्याला फिरवी आणि पाणी पाटापाटाने झाडांपर्यंत जाई.

बाहेरच्या माणसांनी इथे घर करणं नवीन नाही. पक्षीतज्ज्ञ सालिम अली १९३०च्या सुमारास नोकरी गेल्यावर किहीमला पत्नीच्या माहेरच्या घरी येऊन राहिले. सुगरण पक्ष्याचा त्यांचा गाजलेला अभ्यास त्याच मुक्कामातला. मुंबईच्या सधन कुटुंबांचे बंगले किहीमच्या सुरूबनाच्या आसपास तेव्हापासून आहेत. ती घरं मात्र कुणाला भाड्याने द्यायची नव्हती. कुटुंब मे महिन्यात यायचं आणि एरवी माळी दिवा लावायचा. घराने कमवावं ही अपेक्षा गेल्या काही दशकांतली. वाडीवाल्यांनी आधी ओटीशेजारची खोली शाळा-कॉलेजच्या मुलांना द्यायला सुरुवात केली, मग मागे दोन खोल्या बांधल्या, दारात ‘घरगुती जेवणाची सोय’ अशी पाटी लावली. नागावात आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशा पाट्या ओळीने दिसतात. शहरातल्या गुंतवणूकदाराचा तरणतलाव असलेला बंगला या सगळ्यानंतर आला, आणि त्याने जमिनीचे भाव असे नेले की वाडीवाल्याच्या मुलाला आता शेजारची वाडी घेता येत नाही.

हिशेब मांडून पाहू

विकणारा एजंट बहुधा एकच आकडा सांगतो, रात्रीचं भाडं. पंधरा हजार, वीस हजार, नाताळात त्याच्या दुप्पट. ऐकणारा मनातल्या मनात त्याला तीसने गुणतो.

समजा, तीन शयनगृहांचा बंगला जमिनीसकट दीड कोटीला पडला. वर्षात शुक्रवार-शनिवारच्या रात्री १०४. जून ते सप्टेंबरमधल्या बहुतेक वजा करा, कारण गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, समुद्रात उतरता येत नाही आणि दर्यावरचे खेळही थांबलेले असतात. रो-रो हवामान पाहून चालू राहते, त्यामुळे पावसातले काही शनिवार लागतात, पण भरवसा धरता येत नाही. उरल्या साधारण सत्तर रात्री. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या वीस धरल्या तर नव्वद. पंधरा हजारांप्रमाणे साडेतेरा लाख. त्यातून बुकिंग आणि व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीचा पाचवा हिस्सा गेला, दोन लाख सत्तर हजार. दोन माणसांचा पगार महिना प्रत्येकी पंधरा हजार धरला तर वर्षाचे तीन लाख साठ हजार, कारण पावसाळ्यात पाहुणे नसले तरी माणसं लागतात. वीज, पाणी, तलावाची औषधं, इंटरनेट यांचे महिना वीस हजार म्हणजे दोन लाख चाळीस हजार. डागडुजीला दीड लाख. हाती उरले तीन लाख तीस हजार. दीड कोटीवर सव्वादोन टक्केसुद्धा नाहीत. तेवढेच पैसे बँकेत मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते, तर पावणेदहा लाख मिळाले असते. बंगला कर्जावर घेतला असेल तर हप्ता या हिशेबाच्या आसपासही बसत नाही.

हे आकडे मी नमुन्यादाखल धरलेत. कुणाला एकशे वीस रात्री मिळतील, कुणी व्यवस्थापन स्वतः पाहील. पण गणिताचा कल बदलत नाही. अशा बंगल्याचा नफा भाड्यात नसतो, जमिनीच्या वाढत्या भावात असतो, आणि तो विकल्यावरच हाती येतो. कराचं ओझं पाहुण्यावर पडतं, तेही ध्यानात ठेवावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या निवासावर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग निवासावर १८. पंधरा हजारांचा बंगला आणि दोन हजारांची घरगुती खोली यांच्यात पाहुण्याच्या खिशातून जाणारा फरक त्यामुळे आणखी रुंदावतो.

आता वाडीतल्या घराचा हिशेब त्याच पद्धतीने मांडा. तीन खोल्या, रात्रीचे दोन हजार, त्याच नव्वद रात्री. पाच लाख चाळीस हजार होतात. जेवणाचे वेगळे. जमीन पणजोबांनी घेतलेली, पगारी माणूस कुणी नाही, रिकाम्या दिवसांत वाडी नारळ-सुपारी देतच असते. नागावातल्या ज्या काकूंकडे मी उतरले होते, त्यांनी हा हिशेब वहीत ठेवलेला आहे. वहीच्या एका बाजूला पाहुणे आणि दुसऱ्या बाजूला नारळ. पाहुण्यांची बाजू मोठी झाली तरी नारळाची बाजू बंद करायची नाही, हे त्यांच्या सासूबाईंचं सांगणं होतं, आणि २०२०च्या निसर्ग वादळानंतर त्याचा अर्थ कळला असं त्या म्हणाल्या.

कागद

जमीन पाहायला आलेल्या माणसाला आधी समुद्र दाखवतात. त्याने आधी सातबारा मागायला हवा.

महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून शहरातला ग्राहक बिगरशेती झालेला तुकडा शोधतो. तो महाग असतो. मग कुणी तरी सुचवतं की साठेखत करून ठेवू, मुखत्यारपत्र घेऊ, बिगरशेती नंतर होईल. ‘नंतर’च्या भरवशावर पैसे गुंतवलेली कितीतरी कुटुंबं इथे वर्षानुवर्षं तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढतायत. कायद्याला डावलून झालेल्या व्यवहारात कलम ८४-क खाली चौकशी लागू शकते आणि जमीन हातची जाऊ शकते. भोगवटादार वर्ग २ची जमीन असेल, किंवा मूळ मालक आदिवासी असेल, तर परवानगीचा मार्ग आणखी वेगळा आणि कडक आहे. तो कडक असायलाच हवा. अलिबागच्या पूर्वेकडच्या डोंगरउतारांवर कातकरी आणि ठाकूर वाड्या आहेत, आणि समुद्रकिनारा परवडेनासा झालेला ग्राहक आता ‘डोंगरदृश्य’ म्हणत तिकडे वळला आहे.

दुसरी गाठ वारसांची. अष्टागरातल्या वाडीच्या सातबाऱ्यावर पाच, आठ, अकरा नावं सहज असतात. एक भाऊ गावात, दोघे मुंबईत, बहीण नाशकात, एक चुलती वारलेली आणि तिच्या मुलांची वारस नोंद राहिलेली. एजंट मुंबईतल्या भावाला गाठतो, कारण त्याला वाडीशी देणंघेणं उरलेलं नसतं. एकाचा अविभक्त हिस्सा विकत घेऊन बाकीच्यांना टेकीला आणायचं, ही इथे सर्रास चालणारी रीत आहे. मला ती सरळसरळ अन्यायाची वाटते. कागदावर ती बरोबर असेल, पण त्या वाडीत रोज पाणी सोडणाऱ्या माणसाचं मत त्यात कुठेच विचारलेलं नसतं.

भरतीरेषेपासूनचे मीटर

‘समुद्राला लागून’ या दोन शब्दांची किंमत सर्वांत जास्त, आणि धोकाही त्याच शब्दांत. किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची पहिली अधिसूचना १९९१ची, नंतरची २०११ची आणि आताची २०१९ची. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र हा जुना नियम. २०१९मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे २०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१हून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, तो ५० मीटरवर आणला गेला. विरळ वस्तीच्या गावांत २०० कायम राहिला. आपलं गाव कुठल्या वर्गात आहे हे मंजूर नकाशावरून ठरतं, एजंटच्या शब्दावरून नाही.

ना-विकास क्षेत्रात नवं बांधता येत नाही, पण जुनं अधिकृत बांधकाम आहे त्याच जोत्यावर आणि आहे तेवढंच दुरुस्त करता येतं. म्हणून पडायला झालेल्या कौलारू घराला इथे नव्या बंगल्याइतका भाव येतो. ग्राहक भिंती पाहत नाही, ग्रामपंचायतीची जुनी घरपट्टीची पावती पाहतो. आणि मग दुरुस्तीच्या नावाखाली जोतं एकदा वाढतं, दुसऱ्यांदा वाढतं. अशा बांधकामांविरुद्धची प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून जमीनदोस्त केला गेला, तो देशभर दिसला. बाकीच्या फायली शांतपणे पुढे सरकत असतात, आणि अशा घरात पैसे घातलेल्या माणसाला पुढचा ग्राहक मिळणं कठीण होतं.

याच २०१९च्या अधिसूचनेत एक तरतूद आहे, तिच्याकडे गुंतवणूकदार पाहत नाहीत. मच्छीमारांसह स्थानिक लोकांना आपल्या आहे त्या घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता ‘होम स्टे’ चालवायला मुभा आहे. ही मुभा तिथे राहणाऱ्याला आहे. माझ्या मते किनाऱ्यावरच्या पर्यटनाबद्दल कुठल्याही सरकारी कागदात लिहिलेलं हे सर्वांत शहाणं वाक्य आहे.

पाणी आणि खारं वारं

वाळूच्या किनाऱ्याखाली गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं हलकं, खारं जड. विहिरीत समुद्रपातळीच्या वर फूटभर गोडं पाणी उभं असेल, तर त्याखाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं असतं, असा भूजलशास्त्राचा ढोबळ नियम आहे. उलट दिशेनेही तो तितकाच खरा. वरचं फूटभर उपसून काढलं की खालून खारं चाळीस फूट चढतं. रहाटाने ओढलेल्या पाण्याला भरून यायला वेळ मिळे. मोटार तो वेळ देत नाही.

चोवीस फूट लांब, बारा फूट रुंद, चार फूट खोल अशा लहानशा तरणतलावात तीस हजार लिटरच्या वर पाणी मावतं. एका रस्त्यावर असे दहा तलाव, प्रत्येक बंगल्यात सहा न्हाणीघरं, हिरवळीला रोज पाणी, आणि शेजारच्या वाडीतली विहीर मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होते. पोफळ खारं पाणी सोसत नाही. शेंडा पिवळा पडायला लागला की वाडीवाल्याला कळतं. शोषखड्ड्यांची गोष्टही तशीच. वाळूतून मैला झिरपायला वेळ लागत नाही आणि विहिरी उथळ आहेत. घर घेणाऱ्याने संगमरवर कुठला हे विचारण्याआधी शोषखड्डा विहिरीपासून किती अंतरावर आहे हे विचारावं. ते विचारणारा ग्राहक अजून पाहिला नाही, असं इथल्या एका गवंड्याने मला सांगितलं.

खाऱ्या वाऱ्याचा हिशेबही शहरात बसून कळत नाही. बिजागऱ्या, ग्रील, एसीची बाहेरची पेटी, सगळ्याला गंज धरतो. पावसात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं आणि चार महिने बंद राहिलेल्या खोलीत गाद्यांना बुरशी येते. म्हणून पावसाळ्यात रिकाम्या घराची दारं-खिडक्या रोज उघडणारा माणूस लागतो, आणि तो पगार वाचवणाऱ्या मालकाचं गाद्या-फर्निचर ऑक्टोबरात बाहेर काढावं लागतं.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकलं. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन तालुक्यांत घरांची छपरं उडाली, आणि माड-पोफळी आडव्या झाल्या. छप्पर महिन्याभरात घालता येतं. नव्याने लावलेल्या माडाला किंवा पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. त्या वर्षी टाळेबंदीमुळे पाहुणेही नव्हते. टाळेबंदी उठल्यावर घरून काम करणारी शहरी कुटुंबं इथे महिना-महिना राहायला आली आणि खोल्यांच्या पैशातून कित्येकांनी वाडी पुन्हा उभी केली. नंतर पाहुण्यांचा ओघ आटेल तेव्हा तीच वाडी घराला धरून ठेवेल. काकूंच्या वहीतल्या दोन बाजू एकमेकींना अशा आधार देतात.

फाटकाच्या आतला माणूस

बंगल्यांचे केअरटेकर कुणी नेपाळहून आलेले, कुणी झारखंडहून, कुणी जवळच्या आदिवासी वाडीतले. फाटकाजवळच्या एका खोलीत नवरा-बायको राहतात. तो तलाव साफ करतो, मोटार चालवतो, रात्री दोन वाजता इन्व्हर्टर बंद पडला तर उठतो. ती केर-पोछा, चादरी, नाश्ता पाहते. पाहुण्याने पोर्टलवर लिहिलेला चांगला शेरा बहुतेकदा या दोघांबद्दल असतो, बंगल्याबद्दल नसतो. मालकाचं नाव पाहुण्याला ठाऊकही नसतं. जो केअरटेकर मला त्याचा बंगला दाखवत होता, त्याने बोलताना एकदाही ‘साहेबांचं घर’ म्हटलं नाही. ‘आपल्याकडे रविवारी तीन वाजता गरम पाणी जातं,’ असं तो सांगत होता. त्या बंगल्याचा सगळा धंदा त्याच्या या माहितीवर उभा आहे, आणि त्याच्या पगाराला मात्र कागद नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आठवड्याची सुट्टीही नाही. घर भाड्याने देऊ इच्छिणाऱ्या माझ्या वाचकाला मला एवढंच विचारायचं आहे की खर्चाच्या यादीत या रकमा धरल्या आहेत का.

थंडीत पाहुण्यांना पोपटी हवी असते. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरून, वर भांबुर्ड्याचा पाला कोंबून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. बंगल्यांवर पोपटी मागवली जाते, वाडीत ती लावली जाते. पाला कुठल्या बांधावर मिळतो हे ठाऊक असलेला मुलगा जानेवारीत रात्रीला दोन-तीन ठिकाणची कामं घेतो.

तारकर्लीकडे पाहिलं तर

सिंधुदुर्ग १९९७मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर तारकर्ली-देवबागला न्याहारी-निवास योजनेखाली घरोघरी खोल्या झाल्या. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी जीभ. तिथे मालक बहुतेक गावचाच असतो. त्याचीच होडी, त्याचंच स्वयंपाकघर. समुद्र जमीन खातो तेव्हा नुकसान त्याचंच होतं, म्हणून धूप-प्रतिबंधक बंधाऱ्यासाठी भांडतोही तोच. गोव्यात फ्लॅट घेऊन तो पर्यटकांना द्यायचा बेत असलेल्या मराठी कुटुंबांनीही लक्षात ठेवावं की तिथे १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. नोंदणीशिवाय घर देणं म्हणजे दंडाला निमंत्रण. आपल्याकडेही परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, ही गोष्ट कित्येक बंगलेमालकांना पोलीस दारात आल्यावर कळते.

पूल येतोय

अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये खुला झाला. रेवस-कारंजा पूल, बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून बोलला जाणारा, आता प्रत्यक्ष कामाला लागलेला आहे. तो झाला की उरणमार्गे अष्टागर मुंबईला अगदी चिकटेल. एजंटांच्या फलकांवर तो पूल आताच पूर्ण झालेला दिसतो.

काकूंच्या वाडीच्या सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत. मुंबईतल्या चुलतदिरांकडे एजंट दोनदा जाऊन आला. त्यांना पैसे हवेत, आणि त्यात चूक काही नाही. काकूंनी मग सगळ्यांपुढे वही ठेवली. पर्यटन खात्याच्या ‘आई’ धोरणात महिलांना पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो, त्यातून जुन्या गोठ्याच्या जोत्यावर दोन खोल्या करायच्या. एक झाडही तोडायचं नाही. खोल्यांच्या उत्पन्नातला ठरलेला भाग दरवर्षी सहहिस्सेदारांना द्यायचा, आणि तो करार अलिबागला नोंदवून घ्यायचा. आठ जणांनी मान डोलावली. नववी सही एका दिराची, ती व्हायची आहे. तो डिसेंबरात येणार आहे, आणि नाताळच्या आठवड्यात खोल्या सगळ्या लागलेल्या असल्याने तुम्हाला ओटीवर झोपावं लागेल, भावोजी, हे काकूंनी त्याला आत्ताच फोन करून सांगून ठेवलंय.